क्रीवाले टिपणीस आणि पॅलेस्टाइनवाले चौबळ

डोंबिवली,
ता. २१ फेब्रुवारी १९५४

ती. सौ. मंदाकिनीताईस,

त्र्यंबकचा वाकून नमस्कार. वाकून असं मुद्दाम लिहिलं, कारण उभ्याने केलेला तू मोजत नाहीस.

बातम्या दोन आहेत. पहिली अशी की हेमाचं जवळजवळ ठरलं. मुलगा पलीकडच्या गल्लीतल्या गुरुदत्त चौबळांचा सुधीर. बॅलार्ड इस्टेटला एका जहाज कंपनीत नोकरीला आहे, उंच आहे, पान खात नाही. पत्रिका जुळल्या. चौबळ म्हणजे माझा वाचनालयातला रोजचा सोबती, तेव्हा घराणं तपासायला जायचं काही कारण उरलं नाही. अक्षय्य तृतीयेला साखरपुडा करायचा असं तोंडी ठरलं आहे.

दुसरी बातमी मोठी आहे. यंदाची तुलना माझ्याकडे आली!

तुला ठाण्यात याचं महत्त्व कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्या वाचनालयाचे संस्थापक कै. आबासाहेब यांनी जगातल्या यच्चयावत लोकांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून एका तांब्यात घालून ठेवली आहेत. दरवर्षी त्यातून दोन चिठ्ठ्या निघतात आणि दोन वक्त्यांना वाटून दिल्या जातात. ज्याने त्याने आपल्या वाट्याला आलेल्या लोकांची सामाजिक आणि आर्थिक स्थिती मांडायची, समोरच्याच्या लोकांशी तुलना करायची, आणि शेवटी श्रोत्यांनी हात वर करून ठरवायचं की अधिक हलाखी कोणाची. आबासाहेब म्हणत, दुसऱ्याची वकिली केल्याशिवाय माणसाला भूगोल येत नाही. गेल्या वर्षी एस्किमो विरुद्ध तिबेटी झालं. एस्किमो हरले. त्यांच्या बाजूने बोललेले दिघे मास्तर अजून वाचनालयात पाय ठेवत नाहीत.

यंदा एक वक्ता मी आणि दुसरे चौबळ. चौबळांना आले पॅलेस्टाइनचे अरब. मला आले क्री. चौबळांचं काय, त्यांचे लोक पेपरात येतात. माझे लोक कुठे राहतात हे मला चिठ्ठी उघडेपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि उघडल्यावरही नव्हतं. शेवटी नकाशात सापडले. कॅनडातले मूळचे रहिवासी आहेत, जंगलात सापळे लावतात, नदीवर मासे मारतात. पण ताई, खरं सांगतो, ती चिठ्ठी हातात आली आणि वाटलं, हे आपले. आता यांना वाऱ्यावर सोडायचं नाही.

तुझ्याकडच्या ग्रंथसंग्रहालयात क्रींवर काही असेल तर बघ. आणि तुझ्याकडे बाळकुमची जनाबाई कोळीण येते ना, तिला विचार, मासेमारीवर पोट असणाऱ्यांची मुख्य अडचण काय. तेवढाच अनुभवाचा आधार.

तुझा
त्र्यंबक



ठाणे,
ता. २७ फेब्रुवारी १९५४

चि. त्र्यंबक,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्राला नवे कुठून आणू?

हेमाचं ऐकून फार बरं वाटलं. तू मात्र मुलीच्या लग्नाला चार ओळी दिल्यास आणि क्रींना पानभर. विमलने हे पत्र वाचलं नसावं.

जनाबाईला विचारलं. ती पाटी उतरवून दारात बसली होती. मी म्हटलं, फार लांबच्या देशात तुमच्यासारखे मासे मारणारे लोक आहेत, त्यांच्यावर माझा भाऊ भाषण करणार आहे. तिने आधी मला आपादमस्तक पाहून घेतलं. मग म्हणाली, "बाय, तिथं म्हावरा इकतं कोन? बायका का बाप्ये?" मी म्हटलं, ठाऊक नाही. "मग तुजा भाव कसला भाषान करतो? बाप्ये बाजारान बसत असतील त धंदा बुरला म्हून समज." एवढं बोलून तिने मला शिळी कोलंबी ताजी म्हणून दिली. तेव्हा बायका विकतात हेच बरं, बायकांना धंदा कळतो, असा माझा निष्कर्ष.

ग्रंथसंग्रहालयात एका पाद्र्याने लिहिलेलं जाडजूड पुस्तक आहे. ते बाहेर नेऊ देत नाहीत. हेमाला पाठव, ती बसून उतरून घेईल. पोरगी चार दिवस माझ्याकडे राहील, मलाही बरं.

मंदाकिनी



डोंबिवली,
ता. १९ मार्च १९५४

ती. सौ. ताईस,

हे पाकिटातून पाठवतो आहे, कारण आमचा पोस्टमन मारुती कार्डं वाचतो आणि तो पॅलेस्टाइनच्या बाजूचा आहे.

हेमाने उतरून आणलेलं सगळं वाचलं. आता प्रश्न असा पडला की तुलना करायची कशी? मी विचार केला, आपण जन्मात कसली तुलना केली आहे? स्थळांची! मग तीच पद्धत लावली. दोन्ही लोकांना स्थळं समजून समोरासमोर बसवलं आणि चौकशी सुरू केली.

घरदार काय? क्रींना सरकारने राखून दिलेली जमीन आहे, पण ती आपली म्हणून विकता येत नाही. पॅलेस्टिनींची स्वतःची घरं आहेत, किल्ल्या कमरेला आहेत, फक्त घरापर्यंत जाता येत नाही, राहणं तंबूत. म्हणजे एकाकडे जागा आहे पण मालकी नाही, दुसऱ्याकडे मालकी आहे पण जागा नाही. उत्पन्न काय? क्री केसाळ कातडी विकतात, तिचा भाव लढाईनंतर कोसळला. पॅलेस्टिनींच्या संत्र्यांच्या बागा तिकडे राहिल्या, इकडे रेशनचं पीठ. शिक्षणात मात्र पॅलेस्टिनी सरस. तंबूत का होईना, शाळा आपल्या भाषेत भरते. आता मान बघ. क्रींना स्वतःच्या देशात मत नाही. मत हवं असेल तर आपण क्री नाही असं लिहून द्यायचं! ही काय रीत झाली? आणि गंमत म्हणजे दोघांच्याही पत्रिकेत इंग्रज एकाच घरात बसलेला आहे. तो ग्रह ज्या घरात जातो त्या घराचं काय होतं हे आपल्याला सांगायला नको.

नुसतं वाचून भागत नाही म्हणून मी अनुभव घेतो आहे. क्रींवर सरकारचा एक एजंट असे. परवा-परवापर्यंत राखीव जमिनीबाहेर पाऊल टाकायचं तर त्याचा लेखी परवाना लागायचा. स्वतः पिकवलेलं धान्य विकायलासुद्धा परवाना! ते दुःख कळावं म्हणून मी आठवडाभरासाठी विमलला एजंट नेमलं. दुःख ताबडतोब कळलं. मंगळवारी वाचनालयात जायला परवाना मागितला तर म्हणाली, "आधी माळ्यावरचे डबे काढा, मग विचार करू." काल केस कापायला जायचं होतं, नामंजूर झालं. आठवडा संपला असं मी सांगितलं, तर म्हणते की एजंटची नेमणूक क्रींनी रद्द करायची नसते. हे मुद्द्याला धरून असल्यामुळे मला मान्य करावं लागलं.

चौबळांनी अंगणात तंबू ठोकला आहे. निर्वासितांचं आयुष्य जगतो आहे म्हणतात. तंबूत पलंग आहे, मच्छरदाणी आहे आणि वहिनी थर्मासमधून चहा आणून देतात. मागच्या रविवारी कल्याणच्या छावणीत सिंधी निर्वासितांचं दुःख पाहायला गेले होते. त्या लोकांनी त्यांना बसवून घेतलं, पापड खायला घातले आणि येताना चौबळ दोन लेंग्यांचं कापड घेऊन आले. ह्यांना दुःख कळणार?

काल वाचनालयात जरा बाचाबाची झाली. विशेष काही नाही.

तुझा
त्र्यंबक



डोंबिवली,
ता. १२ एप्रिल १९५४

प्रिय आत्या,

बाबांनी तुला "जरा बाचाबाची" लिहिलं असेल ना? जरा नाही गं. माझं लग्न मोडायला आलंय!

झालं असं. वाचनालयात चौबळकाका म्हणाले, "टिपणीस, तुमच्या क्रींच्या पायाखाली निदान जमीन तरी आहे." बाबा म्हणाले, "तुमच्यांना निदान जग ओळखतं. माझ्यांना डोंबिवलीसुद्धा ओळखत नाही." मग कोणीतरी हसलं. मग चौबळकाका म्हणाले, तंबूतल्या म्हातारीला जो माणूस सुखी म्हणतो त्याच्याशी सोयरीक नको. बाबांनी टेबलावर हात आपटला, म्हणाले, माझी मुलगी काय रस्त्यावर पडलीय?

तेव्हापासून सगळं गाव दोन बाजूंना वाटलं गेलंय. भाजीवाला क्री आहे. न्हावी पॅलेस्टिनी आहे, म्हणून बाबांचे केस वाढलेत. परवा आईने चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं तर पॅलेस्टिनींच्या बायका आल्याच नाहीत, आणि चौबळांकडे गेलेल्या एका क्रीबाईला म्हणे कैरीची डाळ चमचाभरच वाढली. अक्षय्य तृतीया तीन आठवड्यांवर आलीय आणि साखरपुड्याचं नाव कोणी काढत नाही.

आत्या, तुला म्हणून सांगते. मला सुधीरच हवाय. आधी नुसतं बघून ठरलेलं, तेव्हा एवढं काही नव्हतं. पण मी तुझ्याकडे पुस्तक उतरवायला आलेले ना, तेव्हा तोही ऑफिसातून येताना ग्रंथसंग्रहालयात यायचा. त्यांच्या ऑफिसात परदेशी बोटींवरून जुने पेपर येतात, त्यातलं पॅलेस्टाइनचं कापून वडिलांना द्यायचा असतो. समोरासमोर बसून मी क्री उतरवायची आणि तो पॅलेस्टाइन कापायचा. एकदा एक ओळ उतरवताना मला रडू आलं, तर त्याने काही विचारलं नाही, नुसता रुमाल सरकवला. त्याच्याच रुमालाने मग त्याने स्वतःचं नाक पुसलं. तेव्हाच ठरलं माझं.

हे मी बाबांना कसं सांगू? आईला सांगितलं तर ती आधी परवाना मागेल. तूच काहीतरी कर.

तुझी
हेमा



ठाणे,
ता. १५ एप्रिल १९५४

प्रिय हेमा,

रडायचं बंद कर. ज्या माणसाने स्वतःच्या बायकोला स्वतःवर एजंट नेमलं, त्याला वळवायला कितीसं कठीण?

सुधीर काल इथे आला होता. मुलगा चांगला आहे. पोळीबरोबर बिरडं मागून घेतलं आणि वालाला मोड किती आले होते हे विचारलं. असं विचारणारे जावई आता जन्मत नाहीत. दोघांनाही सांगायचं ते त्याला सांगितलं, तुलाही सांगते.

तुझे क्रींचे कागद त्याला दे, त्याची पॅलेस्टाइनची कात्रणं तू घे. त्याने वडिलांना सांगायचं की टिपणिसांच्या घरातून पळवून आणले. तूही बाबांना तेच सांग. विकत घेतलेलं पुस्तक माणूस कपाटात ठेवतो, पण शत्रूकडून पळवून आणलेलं मन लावून वाचतो. पुढचं मी पाहते.

आत्या



ठाणे,
ता. १६ एप्रिल १९५४

चि. त्र्यंबक,

भांडणाचं कळलं. तू क्रींची बाजू सोडू नकोस. पण तुझे मेव्हणे वकील आहेत आणि त्यांचं एक सांगणं मला पटतं: समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं पाठ असल्याशिवाय कोर्टात उभं राहू नये. चौबळांचे मुद्दे तुला माहीत आहेत का? नाहीत. मग खोडणार काय? मिळतील तिथून मिळव आणि शब्द न् शब्द वाच.

मंदाकिनी



डोंबिवली,
ता. २६ एप्रिल १९५४

ती. सौ. ताईस,

तुझा सल्ला लाखमोलाचा. आणि हेमा म्हणजे वाघीण निघाली. चौबळांच्या गोटातून कात्रणांचा गठ्ठाच पळवून आणला! कसा ते सांगत नाही. मी विचारलंही नाही, युद्धात विचारू नये.

एक सावधगिरीची गोष्ट. मारुती सांगत होता की सुधीर ठाण्याला तलावपाळीवर दिसला, आणि तेव्हा हेमाही तिथेच होती. चौबळांनी तिच्यावर पाळत ठेवायला त्याला धाडला असणार. पोरीला जप.

आता कात्रणांबद्दल. त्यात सरहद्दीवरच्या गावांची हकीकत आहे. लढाई थांबली तेव्हा नकाशावर रेघ मारली गेली, ती गावाच्या आणि शेतांच्या मधून. गाव इकडे राहिलं, शेतं तिकडे गेली. आता निर्वासित म्हणून रेशन मागायला गेले तर सांगतात, तुमचं घर शाबूत आहे, तुम्ही निर्वासित नाही. घर शाबूत म्हणून रेशन नाही, आणि शेत गेलं म्हणून भाकरी नाही. संध्याकाळी माणूस ओट्यावर बसतो आणि समोर आपलीच संत्री दुसरं कोणी उतरवताना बघतो.

हे मी जेवताना वाचत होतो. ताई, घास हातात तसाच राहिला. विमल म्हणाली, मीठ जास्त झालं का? मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं. आता हे खोडायचं कसं ते तुझ्या वकिलांना विचारून कळव. मी चार दिवस प्रयत्न करतो आहे, खोडता येत नाही.

अर्थात मी माघार घेणार नाही. माझ्या लोकांचं माझ्याशिवाय कोण आहे? रविवारी २ मेला सभा आहे. तू ये. क्रींच्या बाजूने एक हात वाढेल.

तुझा
त्र्यंबक



ठाणे,
ता. २८ एप्रिल १९५४

चि. त्र्यंबक,

मला यायला जमायचं नाही. ह्यांचा पाय मुरगळला आहे.

सुधीरची काळजी करू नकोस. त्याच्यावर मी स्वतः नजर ठेवून आहे.

खोडता येत नसेल तर खोडू नकोस.

मंदाकिनी



डोंबिवली,
ता. ३ मे १९५४

ती. सौ. ताईस,

काल सभा झाली. काय झालं ते नीट सांगतो, कारण मलाच ते अजून नीट कळलेलं नाही.

गर्दी एवढी की लोक खिडक्यांत बसले होते. मधल्या वाटेच्या डावीकडे क्री, उजवीकडे पॅलेस्टिनी. दिघे मास्तर वर्षाने आले आणि कोणाच्याच बाजूला न बसता दारात उभे राहिले. एस्किमो अजून तटस्थ आहेत.

आधी मी बोललो. कातडी झाली, बाहेर पडायचे परवाने झाले, मताचा मुद्दा झाला, टाळ्या पडल्या. मग मी शाळांवर आलो. तुला हेमाने सांगितलं असेल, क्रींची मुलं सहा-सात वर्षांची झाली की लांबच्या शाळेत नेत. तिथे केस कापत, आपली भाषा बोललं की मारत. आया नदीच्या घाटापर्यंत यायच्या आणि होडी दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहायच्या. मूल परत येई तेव्हा त्याला आईशी बोलता येत नसे. हे मी घरी कितीदा तरी मोठ्याने वाचलं होतं. पण काल ते वाक्य आलं आणि समोर पहिल्या रांगेत हेमा बसली होती. माझा आवाजच गेला. ताई, मी नुसता उभा होतो. मुलगी जवळच्या जवळ चांगल्या घरी जाणार होती, तीही माझ्या हट्टापायी जाणार की नाही कोण जाणे, आणि मी त्या घाटावरच्या बायांसाठी की स्वतःसाठी रडतोय तेही मला कळेना. अध्यक्षांनी घंटा वाजवली. उजवीकडचे लोक कुजबुजायला लागले.

तेवढ्यात चौबळ उठले. मला वाटलं, हरकत घेणार. ते थेट व्यासपीठावर आले, माझ्या हातातले कागद घेतले आणि पुढचं वाचायला लागले. तुला त्यांचा आवाज माहीत नाही, तो स्टेशनापर्यंत जातो. आईच्या वाक्याशी थांबले, मग पुन्हा वाचलं. माझं भाषण संपल्यावरही थांबले नाहीत. मी विसरलेला एक मुद्दा त्यांनी स्वतःहून सांगितला, सरकारी परवान्याशिवाय धान्य विकता येत नसे तो! म्हणाले, "हा टिपणिसांचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, आणि तो विसरणं हा क्रींवर अन्याय आहे." पॅलेस्टिनी बाजूच्या लोकांना टाळी वाजवावी की नाही ते कळेना.

मग चौबळांची पाळी आली, तर त्यांचा घसा बसलेला. माझ्या लोकांसाठी घसा फोडून त्यांच्या लोकांसाठी आवाजच उरला नाही! मी त्यांना असं सोडणार होतो का? म्हटलं, बसा तुम्ही. आणि ती सरहद्दीवरची गावं, ती रेघ, ती संत्री, सगळं मी सांगितलं. पाठच होतं.

शेवटी अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. पॅलेस्टिनींची हलाखी अधिक म्हणून मी हात वर केला. क्रींची अधिक म्हणून चौबळांनी केला. मग जे भांडण झालं ते मागच्या सगळ्या भांडणांहून मोठं. मी म्हटलं, "चौबळ, हात खाली घ्या, स्वतःच्या लोकांचा घात करताय." ते बसलेल्या घशाने ओरडले, "आधी तुम्ही घ्या!" सभेचे हात वर-खाली, वर-खाली. अध्यक्ष तीनदा मोजायला उठले आणि तीनदा बसले.

तेव्हा बायकांच्या बाजूने आमची विमल उभी राहिली. चौबळांनी अंगणात तंबू ठोकल्यापासून ती या सगळ्या तुलनेलाच वैतागलेली होती. म्हणाली, "समजा नंबर लागला. तुम्ही हलाखीत दुसरे आलात, असं त्या लोकांना कळवणार कोण?"

अध्यक्षांनी तांब्या उचलला आणि सभा संपल्याचं जाहीर केलं. सगळे उठून गेले. डावे उजव्यांच्या चपला घालून गेले.

आज सकाळी चौबळ दारात हजर. बसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही काल माझ्या क्रींच्या विरुद्ध मत दिलंत." मी म्हटलं, "तुमचे क्री?" "आता माझेही आहेत!" मग बसले. विमलने चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "परवा अक्षय्य तृतीया. ठरल्याप्रमाणेच ना?" मला हो म्हणायचं होतं, पण पुन्हा आवाज गेला. विमलने हो म्हणून सांगितलं.

तू साखरपुड्याला नक्की ये.

तुझा
त्र्यंबक



डोंबिवली,
ता. ६ मे १९५४

प्रिय आत्या,

काल साखरपुडा झाला! तू मात्र आली नाहीस. आतोबांचा पाय अजून दुखतोच?

सगळं नीट झालं. म्हणजे नीट म्हणजे आपल्याकडे जेवढं नीट होतं तेवढं. सुधीरच्या बोटात अंगठी जाईना, मग साबण लावला. चौबळकाकूंनी आईला डाळ ओंजळभर दिली, मागची बाकी म्हणून. बाबांचे केस कापलेले होते, न्हावी स्वतः घरी आलेला.

पण एक झालं ते तुला सांगायलाच हवं. मानपानाची बोलणी सुरू झाली तेव्हा कोणीतरी चौबळकाकांना विचारलं, मुलाकडच्यांची काय अपेक्षा? काका उठले. घसा अजून बसलेलाच होता, म्हणून सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं. म्हणाले, "मी तीन महिने अशा लोकांची बाजू मांडली ज्यांना स्वतःच्या घरी जाता येत नाही. मग टिपणिसांच्या लोकांचं वाचलं, त्यांना तर विचारून जावं लागे. आमची एकच अट आहे. हेमाने माहेरी जाताना आमच्या घरात कोणाला विचारायचं नाही. निघाले म्हणून सांगायचं आणि निघायचं."

जुन्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. चौबळकाकू म्हणाल्या, "रोज जाऊ नको म्हणजे झालं." सगळे हसले. बाबा उठून मागच्या दारी गेले आणि बराच वेळ हात धूत बसले.

सुधीर विचारत होता, आत्याबाईंचं बिरडं पुन्हा कधी?

तुझी
हेमा



ठाणे,
ता. ९ मे १९५४

चि. त्र्यंबक,

हेमाचं पत्र आलं. चौबळांचं म्हणणं मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

आता तुला एक सांगते, आणि तू उगाच हळवा होऊन उत्तर लिहू नकोस. ह्यांचा पाय मुरगळला नव्हता. तुमच्या सभेच्या वेळी नव्हता, साखरपुड्याच्या वेळी नव्हता. आईच्या दुखण्यात मी उशिरा आले तेव्हा ह्यांचं तातडीचं काम निघालं होतं असं तुला सांगितलं होतं, तेही नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी पाऊल टाकलं तोवर माझ्या दोन दिवाळ्या सासरी झाल्या होत्या. ठाण्याहून डोंबिवली किती लांब आहे ते तुला ठाऊकच आहे. हे मारत नाहीत, रागावत नाहीत, वाईट माणूस नाहीत. नुसतं म्हणतात, "आत्ता कशाला?" आणि मी बॅग परत फळीवर ठेवते. मला वाटायचं, असंच असतं. सगळ्यांचं असंच असतं म्हणून मी कोणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. दर वेळी काहीतरी कारण लिहून पाठवत राहिले.

दुसऱ्याचं दुःख तू तीन महिने इतकं बारकाईने वाचलंस की आता हेही तुला वाचता येईल, म्हणून लिहिलं.

मी येत्या रविवारी येते आहे. हेमासाठी सोडे आणि सुधीरसाठी बिरडं घेऊन. ह्यांना विचारलं नाही, सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "मीही आलो तर चालेल का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तुझी
ताई